मृगाचे साल, चंद्राची तारीख : दखनी दफ्तरांतील सांस्कृतिक व्यवहार

गेल्या काही वर्षांत पदवी पातळीवरील भाषा आणि वाणिज्य या दोन्ही शाखांच्या अभ्यासक्रमांत 'आंतरसांस्कृतिक संवाद' नावाचा घटक आला आहे. त्यासाठी जी क्रमिक पुस्तके मिळतात त्यांतील उदाहरणे बहुधा परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांतील असतात. जपानी गृहस्थ आपले व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी का देतो, अरब यजमानाचा पाहुणचार कसा स्वीकारावा, युरोपात वेळ किती काटेकोरपणे पाळतात, असे मुद्दे त्यांत येतात. विद्यार्थ्याला मुलाखतीच्या वेळी याचा उपयोग होतो, तेव्हा ते शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या दख्खनमध्ये आपली महाविद्यालये उभी आहेत, तेथे एकाच कचेरीत दोन भाषा, दोन लिप्या आणि दोन कालगणना पावणेपाचशे वर्षे एकत्र नांदल्या. त्या व्यवहाराचे लेखी पुरावे दफ्तरांत ढिगाने पडून आहेत. त्यांतील एकही उदाहरण या घटकात येत नाही, ही गोष्ट खटकते.

आपल्याकडे हा विषय निघाला की वक्ते संतांकडे आणि सूफींकडे वळतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम' (१६४५), विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह आणि त्याचे 'किताबे नौरस' ही नावे त्या ओघात येतातच. ही माणसे मोठी होती यात शंका नाही. पण ती विरळा होती. शेख महंमदांसारखा पुरुष शतकात एखादा होतो. त्याच काळात गावोगावचे कुलकर्णी, कसब्याचे काझी, परगण्याचे देशपांडे आणि सुलतानी दफ्तरातील मुनशी रोज एकमेकांशी कागदोपत्री बोलत होते. त्यांच्यात संतत्व नव्हते. सारा वसूल करणे, वतनाचा वाद तोडणे, सनदेची नक्कल करणे हे त्यांचे काम. 'गंगाजमनी' हा आवडता शब्द मी येथे वापरत नाही. भीमा आणि कृष्णेच्या खोऱ्यात तो पाहुणा वाटतो, आणि या कारकुनांना तो कळलाही नसता. त्यांनी जे केले ते समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या कागदातील सर्वांत रुक्ष भागाकडे, म्हणजे तारखेच्या ओळीकडे पाहावे.

पेशवाईतील एखाद्या मोडी कागदावर 'छ २ रज्जब, सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' अशा धर्तीची ओळ असते. मोडी शिकणारा नवा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, कारण अक्षरे लागली तरी अर्थ लागत नाही. 'छ' ही चंद्राच्या तारखेची खूण आहे. ती वाचताना 'चंद्र' असे वाचतात. पुढे हिजरी महिन्याचे नाव आणि त्यातील दिवस. 'सु॥' म्हणजे शुहूर सन. त्यापुढचे चार शब्द अरबी संख्यावाचक आहेत : इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज १,१६१. शुहूर सनात ५९९ मिळवले की त्या वर्षाच्या आरंभीचे इसवी साल मिळते; जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवावे लागतात. रज्जब महिना त्या वर्षी फेब्रुवारीत पडला होता, म्हणून ही ओळ फेब्रुवारी १७६१ च्या पहिल्या आठवड्याची ठरते. पानिपतावरील संहाराला तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. अब्दालीशी लढणाऱ्यांच्या दफ्तरात त्या दिवसांतही काळ मोजला जात होता तो अरबी शब्दांत, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती.

या शब्दांची घडण अरबी जाणणाऱ्याला गंमतीची वाटेल. अरबीत 'सना' म्हणजे वर्ष हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून एकासाठी 'अहद' न येता 'इहदा' येतो, आणि मोडीतला 'इहिदे' हा त्याचाच अवतार आहे. सलास, अर्बा, खमस ही रूपेही त्याच नियमाने आली आहेत. मूळ अरबी 'थ' च्या जागी 'स' दिसतो, यावरून हे शब्द अरबांच्या तोंडून न येता फारसी उच्चारातून आले हे कळते. अरबीचा ओनामाही न शिकलेला इंदापूरचा किंवा चिकोडीचा कुलकर्णी अरबी व्याकरणाचा लिंगनियम बिनचूक पाळत होता, कारण त्याच्या आजाने ती यादी उजळणीसारखी पाठ केली होती. ती त्याला फार परकी वाटली नसावी, याचे एक कारण भाषेतही आहे. अरबीत एकं आधी आणि दहं नंतर. मराठीतही आपण 'एकसष्ट' म्हणतो, 'साठ-एक' म्हणत नाही. 'इहिदे सितैन' त्याच्या कानाला सरळच लागले असेल. पुढे शंभरानंतर हजार येतो तेव्हा मात्र क्रम उलटतो, आणि तेथे पाठांतर कामी येई.

आता या ओळीतील खरी मेख. महिना आणि दिवस हिजरी, म्हणजे चांद्र. सन मात्र चांद्र नाही. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी बदलते; म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणत. आजच्या पंचांगाप्रमाणे हा दिवस ७ किंवा ८ जूनला येतो. दिवस चंद्राचा, वर्ष सूर्याचे, वर्षाचे शब्द अरबी, वर्षारंभ हिंदू ज्योतिषातील नक्षत्रावर, आणि हे सारे मोडी लिपीत, मराठी मजकुराच्या शेवटी. ही खिचडी कोणी अज्ञानाने केलेली नाही. तिच्यामागे एक नेमकी अडचण आणि तिच्यावर काढलेला नेमका तोडगा आहे.

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सौर वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे साधारण ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षे होतात. सारा हिजरी वर्षाने मागितला तर ३२ पिकांवर ३३ वेळा सारा द्यावा लागेल, आणि वसुलीचा महिनाही दर वर्षी मागे सरकत भर पावसाळ्यात येईल. पीक चंद्राकडे पाहून येत नाही. हिंदू पंचांगाने ही अडचण अधिक मास धरून सोडवली होती. मुसलमानांना तो मार्ग बंद होता. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढेमागे सरकवण्याची 'नसी' नावाची चाल होती आणि कुरआनने सूरह तौबामध्ये ती स्पष्ट शब्दांत निषिद्ध केली आहे. रमजान ऋतूंमधून फिरला पाहिजे. त्याला उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात जखडून ठेवता येत नाही. हा सोयीचा प्रश्न नव्हता, श्रद्धेचा होता. उलट बाजूला शेतकऱ्यासाठी मृग हीही तशीच न हलणारी गोष्ट होती. पेरणीचा मुहूर्त सुलतानाच्या फर्मानाने बदलत नाही.

तोडगा असा निघाला : हिजरी सनाला हात लावायचा नाही आणि मृगालाही लावायचा नाही. कारभारासाठी तिसरे साल धरायचे. त्याचा आकडा हिजरीतून उचलायचा, चाल सूर्याची ठेवायची आणि आरंभ मृगावर. हे केव्हा घडले असावे हे गणिताने काढता येते. शुहूर सन मागे नेत गेले की त्याचा आणि हिजरीचा आकडा १३४४ च्या मृगाच्या सुमारास जुळतो; दोन्हीकडे ७४५. म्हणून या सनाचा आरंभ मुहम्मद तुघलकाच्या कारकीर्दीत, बहमनी राज्याच्या स्थापनेच्या (१३४७) किंचित आधी, मानला जातो. तेथून दोघांची फारकत सुरू झाली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, जून १६७४ मध्ये, हिजरी १०८५ चालू होते आणि शुहूर १०७५. दहा वर्षांचे अंतर पडले होते, आणि पानिपतापर्यंत ते तेरा झाले.

उत्तरेत अकबराने फसली सन सुरू केले ते याच गरजेतून. दख्खनमध्ये फसली आणले शाहजहानच्या अमलाने, १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ चा आकडा धरून. तेव्हा शुहूर १०३७ चालू होते. परिणामी एकाच मृगाला सुरू होणारी दोन साले दख्खनमध्ये झाली आणि त्यांत नऊचा फरक कायमचा राहिला. जुन्या कागदांत कधी एक, कधी दुसरे, कधी दोन्ही आढळतात. निजामाच्या राज्यात फसली टिकले. पुढे तेथे वर्षारंभ आणि महिने बदलले, पण सनाचे नाव आणि मोजणी संस्थान विलीन होईपर्यंत, १९४८ पर्यंत, कारभारात चालू होती. हैदराबादेतील जुन्या घरांतील खरेदीखतांवर ती आजही वाचता येते.

या तोडग्याला किंमत नव्हती असे नाही. शुहूर वर्षात बारा चांद्र महिने पुरे होऊन वर सुमारे अकरा दिवस उरतात. म्हणजे वर्ष जर ३ सवालला सुरू झाले, तर त्या वर्षाच्या शेवटी ३ सवाल पुन्हा येतो, आणि पुढचे आठ-दहा दिवसही पुन्हा येतात. एकाच सनात एकच तारीख दोनदा! कागदावर वार दिलेला नसेल तर ती मृगानंतर लगेचची की पुढच्या मृगाच्या तोंडावरची हे मजकुरावरूनच ठरवावे लागते. इतिहास संशोधकांना मोडक जंत्री किंवा खरे जंत्री हाताशी ठेवावी लागते ती यासाठी. त्या काळच्या कारकुनालाही हा घोळ दिसत असणारच. तरीही त्याने ही पद्धत टाकली नाही. मला वाटते, गणिताची ही गैरसोय त्याला परवडणारी होती. रमजान हलवणे किंवा मृग नाकारणे परवडणारे नव्हते.

व्यवहारात याचा अर्थ काय झाला असेल? मृग कधी लागतो हे जोशी सांगणार. चंद्र दिसला की नाही याची ग्वाही काझी किंवा कसब्यातील मुसलमान देणार. दोन्ही माहिती हाताशी असल्याशिवाय कुलकर्ण्याच्या कागदावर तारीख पुरी होत नाही. त्याला नमाज येण्याची गरज नव्हती आणि काझीला पंचांग मांडता येण्याची गरज नव्हती. परस्परांच्या धर्माविषयी त्यांची मते काय होती हे कागद सांगत नाहीत. एवढे नक्की, की दुसऱ्याची न हलणारी गोष्ट कोणती हे दोघांनाही माहीत होते.

भाषेच्या बाबतीतही असाच व्यवहार दिसतो, पण तेथे सत्तेची उतरंड अधिक स्पष्ट आहे. फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे की पहिल्या इब्राहीम आदिलशाहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) दफ्तर फारसीऐवजी हिंदवीत ठेवायला लावले आणि ब्राह्मणांना त्यावर नेमले. मराठी मुलखापुरता हिंदवीचा अर्थ अभ्यासक मराठी असा घेतात. पुढच्या काळातील आदिलशाही फर्माने आणि खुर्दखते पाहिली तर बऱ्याच कागदांवर वरच्या भागात फारसी मजकूर आणि शिक्का, खाली तोच मजकूर मोडीत मराठी असे दिसते. वर कोण आणि खाली कोण हे उघड आहे. पण खालचा भाग नसता तर वरचा हुकूम गावात पोचलाच नसता. राज्यकर्त्याने रयतेची भाषा दफ्तरात घेतली ती औदार्याने की हिशेब आपल्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून, हा वाद घालता येईल. मला दुसरे कारण अधिक खरे वाटते, आणि त्यामुळे त्या निर्णयाचे महत्त्व कमी होत नाही.

या मराठीचे रूप मोठे विलक्षण आहे. कागदाची सुरुवात 'अजरख्तखाने' अशी, मग 'बजानेबु कारकुनानि हाल व इस्तकबाल व देशमुखानि' म्हणजे आताचे आणि पुढचे कारकून आणि देशमुख यांच्याकडे, मग 'बिदानंद' म्हणजे त्यांनी जाणावे. 'देशमुख' या अस्सल देशी शब्दाला फारसी अनेकवचनाचा '-आन' लावून 'देशमुखानि' होते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. शेवटी तालीक, म्हणजे नक्कल, घेऊन असल कागद भोगवटदाराला परत द्यावा अशी आज्ञा असते. सांगाडा फारसी आणि क्रियापद मराठी. उर्दूच्या अध्यापकाला यातील नव्वद टक्के शब्द ओळखीचे आणि वाक्य अनोळखी. मराठीच्या अध्यापकाचे नेमके उलटे होते.

राजवाड्यांनी या फारसी-मराठी प्रमाणाची मोजदाद केली होती. त्यांनी घेतलेल्या १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, १६७७ च्या पत्रात ६२, आणि १७२८ च्या पत्रात ९३ भरले. हे आकडे भाषणांत फार वापरले जातात. ते तीन निवडक पत्रांचे आहेत हे सहसा सांगितले जात नाही. कागद कोणत्या जातीचा, कोणी कोणाला लिहिला, यावर हे प्रमाण पुष्कळ बदलते. दिशा मात्र खरी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली जो 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, त्यात जवळजवळ चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांत मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती.

या कोशाकडे पाहण्याच्या दोन ठरीव रीती आहेत. एकीकडे तो परकीय भाषेवरील विजय म्हणून मिरवला जातो, दुसरीकडे आपल्यातील काही जण त्याचे नाव निघाले की गप्प होतात. दोन्ही मंडळींनी तो उघडून पाहिलेला नसतो. स्वतंत्र राज्याला स्वतःची राजभाषा असावी असे वाटणे स्वाभाविक होते. विजापूरने फारसीसाठी जे केले तेच येथे संस्कृतप्रचुर मराठीसाठी झाले. आणि कोशाची रचनाच अशी आहे की बदलायचा शब्द नोंदवल्याशिवाय नवा देता येत नाही. त्यामुळे १६७० च्या दशकातील दखनी दफ्तराची सारी शब्दसंपत्ती विषयवार, दहा वर्गांत, आपल्यापुढे जपून राहिली. दखनी उर्दूच्या अभ्यासकाला एवढे उपयुक्त साधन दुसरे क्वचितच मिळेल. सचिव आणि सुमंत छत्रपतींच्या दरबारी राहिले. पण पंतप्रधानाला लोक पेशवेच म्हणत राहिले आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस ही तर आडनावे झाली. राज्याभिषेक शक सुरू झाला, छत्रपतींच्या पत्रांवर तो येऊ लागला. पेशव्यांच्या रोजनिशीचा हिशेब मात्र १८१८ पर्यंत अरबी सनानेच लिहिला गेला. वतनाचा पुरावा, मागील बाकी, कौलाची मुदत हे सर्व त्या सनात बांधलेले होते. ते मोडले असते तर गावच्या हक्कांची साखळीच तुटली असती. मराठे माळव्यात आणि गुजरातेत गेले तेव्हा इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या दफ्तरांतही हेच मृगसाल त्यांच्या मोडीबरोबर गेले.

पत्रांच्या मायन्याविषयी थोडे. कोणाला काय लिहावे याचे नियम लेखनाच्या मेस्तकांत सांगितलेले असत. मराठा सरदाराला रामराम, ब्राह्मणाला नमस्कार किंवा आशीर्वाद, मुसलमानाला सलाम. अभिवादन लिहिणाऱ्याच्या रीतीचे नसून घेणाऱ्याच्या रीतीचे असे, ही गोष्ट आजच्या संवाद-कौशल्याच्या पुस्तकात शोभेल. त्याच यादीत महाराच्या वाट्याला 'जोहार' होता हेही त्याच वेळी विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. दुसऱ्याची रीत ओळखणे आणि दुसऱ्याला त्याच्या पायरीवर ठेवणे ही दोन्ही कामे हा मायना एकदमच करत होता.

गावपातळीवर याचे सर्वांत ठळक रूप महजरात दिसते. 'महजर' हा शब्द अरबी 'हजर' या धातूपासून आला. जेथे लोक हजर झाले तो प्रसंग आणि तेथे झालेला निवाडा, दोन्ही त्याचे अर्थ. वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसे, 'हाजीर मजालसी' म्हणून उपस्थितांची नावे लिहीत आणि निवाड्याखाली प्रत्येकाची निशाणी घेत. काझीचा फारसी शिक्का, कुलकर्ण्याची मोडी सही, पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारे. लिहिता न येणाऱ्याचा शब्दही कागदावर त्याच्या ओळखीच्या खुणेने चढत असे. या बलुत्यांत मुलाणी असे. काही याद्यांत तो बारांत येतो, काहींत अलुत्यांत. मशिदीची व्यवस्था आणि बकरे कापणे ही त्याची कामे. मराठा घरांत मुलाण्याने कापलेलेच मांस चाले, अनेक गावांत जत्रेतला बकराही त्याच्याच हातून पडे आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचा धान्याचा हक्क ठरलेला असे. येथेही तत्त्वाची चर्चा कोणी केलेली नाही. मुसलमानाला हलाल हवे, इतरांना त्याला हरकत नाही, म्हणून सुरी मुलाण्याच्या हातात. गावात कोणते पाणी कोणी भरायचे याविषयी हेच गाव किती कठोर होते हे आपण विसरू नये. तरतूद सर्वांसाठी सारखी नव्हती.

हे चित्र गोड करून सांगण्याचा मोह टाळावा असे मला वाटते. ज्या दफ्तरांत ही मिश्र तारीख लिहिली गेली त्यांतच लुटीचे, जप्तीचे आणि खंडणीचेही हिशेब आहेत. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला तेव्हा त्याचेही हिशेब कोणत्या तरी कारकुनाने ठेवलेच. एकमेकांची कालगणना कळणे म्हणजे एकमेकांवर अन्याय न करणे नव्हे. पण अन्यायाची दाद मागायचीही एक भाषा लागते, आणि महजरापुढे उभा राहणारा मुलाणी किंवा कुंभार ती भाषा वापरू शकत होता. त्याची तारीख, त्याची निशाणी आणि त्याचे नाव कागदावर येत होते.

आज या कागदांपुढे आपली अवस्था काय आहे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली, फारसी शाळांतून गेली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खऱ्यांनी फारसी शिकून 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड संपादित केले, माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांची मराठी भाषांतरे केली. ही परंपरा एकेका माणसाच्या हिमतीवर चालली. आता मोडी वाचणारे मराठी आणि इतिहास विभागांत थोडेफार आहेत, फारसी वाचणारे उर्दू विभागांत त्याहून थोडे. एकाच खुर्दखताचा वरचा भाग एका विभागाचा आणि खालचा दुसऱ्याचा झाला आहे. दोन्ही विभाग बहुधा एकाच मजल्यावर असतात. कागद मात्र दोघांनाही अर्धाच वाचता येतो.

आणि हे कागद सरकारी दफ्तरखान्यांतच आहेत असे नाही. विजापूर-बेळगाव पट्ट्यात, मराठवाड्यात, काझी, इनामदार, मुलाणी, मुजावर घराण्यांकडे सनदा आणि महजर पत्र्याच्या पेट्यांत आहेत. दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या जमिनीचा वाद न्यायालयात गेला की ते बाहेर निघतात, तेव्हा वाचणारा मिळत नाही, आणि मिळालाच तर तारखेवर अडतो. शुहूर आणि हिजरी यांत गफलत झाली तर सनदेचे साल दहा-बारा वर्षांनी चुकते. तेवढ्याने ती वेगळ्या राजाच्या कारकीर्दीत जाऊन पडते आणि बनावट ठरू शकते. हा प्रश्न त्या घरांच्या उपजीविकेचा आहे.

त्यासाठी नवा विभाग काढावा लागत नाही. आंतरसांस्कृतिक संवादाच्या घटकातील चार तासिका पुरेत. दोन्ही विभागांचे विद्यार्थी जोडीने बसवावेत आणि प्रत्येक जोडीला अशा कागदाची झेरॉक्स द्यावी. मी हे काही वर्षे करून पाहतो आहे. मराठीचा विद्यार्थी मोडी अक्षरे सुटी सुटी लावतो, 'स-मा-न, स-बै-न' असे मोठ्याने वाचतो आणि थांबतो. त्याच्या लेखी 'समान' म्हणजे सारखे. मदरशातून आलेल्या शेजाऱ्याला कागदावरचे एक अक्षर लागत नाही, पण ते ऐकू येताच तो म्हणतो, हे तर समानिया, सबऊन, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. मग दोघे मिळून त्यात अलफ मिळवतात, ५९९ मिळवतात, १६७७ काढतात, आणि मृग त्या वर्षी केव्हा लागला हे विचारायला दोघेही माझ्या टेबलाशी येतात.